तारांचा अन्वय

जुन्या ब्रिटिश मोटारींच्या दुरुस्ती-पुस्तिकेत विद्युत-विभागाच्या अखेरीस एक पान असते. आधीच्या पानांवर कार्ब्युरेटर कसा उघडावा, ब्रेकचे तेल कसे बदलावे, हे क्रमवार वाक्यांत सांगितलेले असते. या पानावर मात्र वाक्य नाही. बारीक काळ्या रेषा एकमेकींना समांतर धावतात, काटकोनात वळतात, एकमेकींना ओलांडून जातात. त्यांच्या टोकांना चौकोन, वर्तुळे आणि अंक आहेत. रेषांवर मध्येच एखाददुसरे रोमन अक्षर बसवलेले आहे. खाली अंकांची लांबलचक सूची आहे. हा गाडीच्या वायरिंगचा नकाशा. गाडीत जेवढ्या तारा आहेत तेवढ्या साऱ्या त्यावर आहेत, आणि तरीही तो सहजी वाचता येत नाही. एखादा मजकूर पूर्ण आणि अचूक असूनही दुर्बोध का राहतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही. येथे तो तांबे, लोखंड आणि रबर यांच्या सहवासात भेटतो, एवढेच.

एम.जी.बी. ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी उदाहरणादाखल घ्यावी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती तयार होत होती आणि तिच्या बंद टपाच्या भावंडांसह तिची संख्या पाच लाखांहून अधिक भरली. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. गाड्या मात्र पुष्कळ उरल्या. अशा एका गाडीचा मालक कल्पावा. साठीच्या आसपासचा, इंग्लंडमधल्या एखाद्या लहान गावात राहणारा, यंत्रशाळेत कधी पाऊल न टाकलेला. गाडी त्याच्या वडिलांची होती. वडील गेल्यावर ती काही वर्षे ताडपत्रीखाली उभी राहिली आणि आता तिचा डावा इंडिकेटर लागत नाही. हा मालक कल्पित आहे. त्याची अडचण कल्पित नाही. गॅरेजात टांगलेल्या दिव्याखाली घडीचे ते पान उलगडून, एका रेषेवर बोट ठेवून, ते बोट सातव्या वळणावर भलत्याच रेषेवर गेल्याचे ध्यानात येऊन पुन्हा आरंभाकडे वळणारी माणसे आज अनेक देशांत आहेत.

नकाशा दुर्बोध असला तरी त्यामागची भाषा दुर्बोध नाही, ही यातली पहिली नवलाची गोष्ट. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने त्या काळातील बहुसंख्य ब्रिटिश गाड्यांना विद्युत-सामग्री पुरवली. तिच्या दिव्यांवरून इंग्रज मोटारप्रेमींनी जोसेफ लुकास यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी थट्टेने बहाल केली. परंतु या सामग्रीबरोबर रूढ झालेली तारांच्या रंगांची पद्धती अंधाराच्या अगदी उलट स्वभावाची आहे. तपकिरी तार थेट बॅटरीकडून येते आणि किल्ली बंद असतानाही सजीव असते. जांभळी तारही सदैव सजीव, परंतु फ्यूजमधून आलेली. हॉर्न आणि आतला दिवा तिच्यावर चालतात. पांढरी तार किल्ली फिरवल्यावर जागी होते आणि इंजिनच्या प्रज्वलनाला वीज नेते. हीच वीज फ्यूजमधून पलीकडे गेली की तिचा रंग हिरवा होतो. लाल तार बाजूच्या आणि मागच्या लहान दिव्यांची, निळी पुढच्या मोठ्या दिव्यांची, आणि काळी तार गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली, म्हणजे वीज परत नेणारी.

या मूळ रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असते, आणि येथे या भाषेचे व्याकरण सुरू होते. हिरव्यावर लाल रेघ म्हणजे डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी म्हणजे उजवा, हिरव्यावर जांभळी म्हणजे ब्रेकचा दिवा. निळ्यावर पांढरी रेघ असेल तर मोठ्या दिव्याचा दूरचा झोत, लाल असेल तर जवळचा. मूळ रंग कुळ सांगतो, रेघ कार्य सांगते. धातू आणि प्रत्यय यांचा संबंध ज्याने एकदा ओळखला आहे त्याला ही योजना समजण्यास एक संध्याकाळ पुरेशी व्हावी.

मग अडचण कोठे आहे? ती छपाईपासून सुरू होते. रंगांची ही भाषा पुस्तिकेत काळ्या शाईने छापली गेली. त्यामुळे रंग गेले आणि त्यांच्या जागी अक्षरे आली. इंग्रजीत काळा, निळा आणि तपकिरी या तिन्ही रंगांच्या नावांचे आद्याक्षर एकच. ते काळ्याला मिळाले. निळ्याच्या वाट्याला त्याच्या नावातले ‘यू’ आले आणि तपकिरीच्या वाट्याला शेवटचे ‘एन’. म्हणजे डोळ्याने क्षणात ओळखता येणारी वस्तू वाचकाने आधी अक्षरात वाचावी, मग अक्षराचा रंग आठवावा, आणि मग तो रंग तेलकट काळोखात शोधावा. सूचीचाही जाच आहेच. ती अनेक नमुन्यांसाठी सामाईक असल्याने तिच्यातले काही अंक एखाद्या नकाशावर सापडतच नाहीत. नसलेल्या भागाचा शोध घेण्यात नवख्याची अर्धी रात्र जाते.

त्याहून मोठी अडचण मांडणीची. आरेखकाने भाग गाडीत साधारण जसे आहेत तसे कागदावर ठेवले: एका बाजूला पुढचे दिवे, दुसऱ्या बाजूला मागचे, मध्ये डॅशबोर्डावरची बटणे आणि मापके. गाडीत तारा जुडीने बांधलेल्या असतात, म्हणून कागदावरही त्या जुडीनेच धावतात. त्यात वावगे काही नव्हते. हे पान ज्याच्यासाठी काढले तो वाचक कारखान्याशी संलग्न दुकानातला शिकलेला मेकॅनिक होता. त्याला मंडल माहीत होते. कोणती तार कोठे आहे एवढेच त्याला पाहावयाचे होते. आजच्या वाचकाची स्थिती उलटी आहे. तार त्याच्या हातात आहे. ती तेथे का आहे, हे त्याला कळावयाचे आहे. पान तेच राहिले आणि वाचक बदलला. जुन्या ग्रंथांना भाष्याची गरज पडते ती नेमकी अशा वेळी.

डाव्या इंडिकेटरचा मार्ग सोडवून पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. धोक्याचा इशारा देणाऱ्या चारही दिव्यांची सोय येण्यापूर्वीच्या, १९६८ च्या सुमाराच्या गाडीत तो असा आहे. वीज बॅटरीतून निघते, तपकिरी तारेने किल्लीपर्यंत येते, किल्लीतून पांढऱ्या तारेने फ्यूजकडे जाते, फ्यूजमधून हिरव्या तारेने फ्लॅशरमध्ये शिरते, तेथून तपकिरी रेघेच्या फिक्या हिरव्या तारेने स्टिअरिंगजवळच्या खटक्याशी पोहोचते, खटका डावीकडे असेल तर लाल रेघेच्या हिरव्या तारेने पुढच्या आणि मागच्या दिव्यांत जाते, आणि दिव्यातून काळ्या तारेने गाडीच्या अंगात उतरून बॅटरीला परत मिळते. मूळ पानावर हा प्रवास एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो, वाटेत अनेक परक्या रेषा ओलांडतो. सरळ मांडला तर तो एका वाक्यात मावतो. कर्ता आहे, क्रिया आहे, मधले दुवे आहेत, आणि शेवट आहे. त्या शेवटाला आपल्याकडचा वायरमन ‘अर्थ’ म्हणतो. शब्द इंग्रजीतून आला असला तरी मराठी कानाला तो चपखल वाटावा. कारण अर्थापर्यंत पोहोचल्याशिवाय येथेही काही उजळत नाही.

संस्कृत श्लोक शिकवताना पंतोजी आधी अन्वय लावीत. कवीने वृत्तासाठी इकडेतिकडे ठेवलेले शब्द उचलून ते बोलण्याच्या क्रमाने मांडीत; शब्द एकही बदलत नसत, गाळत नसत. वायरिंगचा नकाशा सोपा करणे हे जवळपास असेच काम आहे. कवीला वृत्त सांभाळावयाचे होते, आरेखकाला गाडीचा आकार. दोघांचीही रचना त्यांच्या कारणाने योग्य. समजावून घेणाऱ्याने मात्र ती सोडवून पुन्हा बांधली पाहिजे.

ही पुनर्बांधणी अनेकांनी अनेक रीतींनी केली आहे. पहिली रीत रंगांची. संगणकावर रेषांना मूळचे रंग देता येतात, रेघेसह देता येतात, आणि काळ्या जाळ्यातून एकदम कुळे दिसू लागतात. परंतु पांढऱ्या कागदावर पांढरी तार कशी काढावी, येथून तिच्या अडचणी सुरू होतात. ती दोन बारीक काळ्या कडांत बसवावी लागते. शिवाय उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांतल्या एकाला लाल-हिरव्या छटांचा भेद नीट कळत नाही; हिरवी आणि तपकिरी त्याला एकच वाटू शकते. म्हणून शहाणा आरेखक रंग देऊनही अक्षरे पुसत नाही.

दुसरी रीत विभागणीची. एका पानावर सारे काही देण्याऐवजी प्रज्वलनाचे एक पान, मोठ्या दिव्यांचे एक, इंडिकेटरचे एक, वायपरचे एक. तिसरी रीत दिशेची. अनेक जर्मन गाड्यांच्या पुस्तिकांत वीज वरच्या कडेला आणि परतीची वाट खालच्या कडेला ठेवून प्रत्येक मंडल उभ्या रेषेत काढतात. तळाशी क्रमांक असतात, आणि रेषा तुटली तर ती कोणत्या क्रमांकावर पुढे चालू आहे हे तेथेच लिहिलेले असते. जर्मन प्रमाणकात जोडांनाही ठरलेले अंक आहेत: ३० म्हणजे बॅटरीची वीज, १५ म्हणजे किल्लीनंतरची, ३१ म्हणजे परतीची. चौथी रीत लहानशी, पण मोलाची. जुन्या नकाशात खटका म्हणजे पुष्कळदा टोके असलेला नुसता चौकोन. आत कोणते टोक कोणत्या टोकाला केव्हा मिळते हे त्यावरून कळत नाही. चौकोनाच्या आतला सांधा काढून दाखवला की अर्धे कोडे सुटते.

नकाशा सोपा करण्याचा विषय निघाला की लंडनच्या भुयारी रेल्वेचा दाखला अटळपणे येतो. हॅरी बेक हा तेथील सिग्नल विभागातला आरेखक. १९३१ मध्ये त्याने रेल्वेमार्गांचा नकाशा नव्याने काढला: रेषा आडव्या, उभ्या किंवा तिरप्या, स्थानके जवळजवळ समान अंतरावर, जमिनीवरच्या खुणांपैकी एक थेम्स नदी तेवढी ठेवलेली. अधिकाऱ्यांनी आधी तो नाकारला. १९३३ मध्ये तो छापला गेला आणि प्रवाशांनी स्वीकारला. विजेच्या मंडलांची रेखाटने करण्याची सवय असलेल्या हाताने शहराचे अंतर आणि दिशा सोडून दिल्या, कारण गाडीत बसलेल्या माणसाला कोठे बदलावयाचे एवढेच हवे असते.

मोटारीचे नकाशे सोपे करणारे या उदाहरणाने हुरळून जातात आणि येथेच सावध व्हावयास हवे. बेकचा वाचक प्रवासी होता. रूळ तुटला असता तर तो नकाशा खिशात घालून तो रूळ शोधायला कोणी गेले नसते. गाडीचा मालक प्रवासीही आहे आणि रूळ तपासणारा गँगमनही. वीज कोणत्या क्रमाने जाते हे त्याला आधी हवे. पण ती कोठे अडली आहे हे कळायला तार प्रत्यक्षात कोठून जाते, कोठे सांधली आहे, हेही हवे. ब्रिटिश गाड्यांत तारेच्या टोकाला पितळी गोळी आणि दोन गोळ्या जोडणारी रबराच्या वेष्टणातली नळी असा सांधा वापरीत. पुष्कळसे दोष तारेत नसतात, या सांध्यांत असतात. ओलीने ते गंजतात आणि वीज पुढे जात नाही. सुंदर, सुटसुटीत नव्या नकाशावर पहिला बळी जातो तो या सांध्यांचा. रेषा अखंड दिसते; दोष मात्र तिच्या पुसलेल्या गाठीत बसलेला असतो.

विभागणीतला धोका याहून सूक्ष्म आहे. मागच्या दिव्याचा एकच गोळा असतो, त्यात दोन तंतू: एक लहान दिव्याचा, एक ब्रेकचा, परतीची वाट दोघांना एकच. ती वाट गंजली तर ब्रेक दाबताच ब्रेकची वीज दुसऱ्या तंतूतून उलटी शिरते, लाल तारेने मागे जाते आणि भलतेच लहान दिवे मंद उजळतात. आता ब्रेकच्या पानावर हा दोष नाही, लहान दिव्यांच्या पानावरही नाही. तो दोन पानांच्या मधल्या जागेत आहे. प्रत्येक मंडलाला परतीची स्वतंत्र खूण देऊन ज्या आरेखकाने पान स्वच्छ केले त्याने ही सामाईक वाट अदृश्य केली. जुने गुंतागुंतीचे पान मात्र ती दाखवत होते, पाहणाऱ्याला चिकाटी असती तर. सोपे करणाराही निवड करतो, आणि निवडीत काही सोडले जाते. त्याने सोडावे; परंतु काय सोडले ते कडेला नोंदवून ठेवावे, एवढी अपेक्षा टीकाकाराकडून करतात तशी त्याच्याकडूनही करावी.

यात पणाला काय लागते, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. तपकिरी तारेच्या वाटेत फ्यूज नाही. पांढऱ्या तारेचेही तेच. तपकिरी तारेचे आवरण झिजून ती गाडीच्या लोखंडाला टेकली तर बॅटरी आपली सारी शक्ती त्या एका बिंदूत ओतते. आवरण पेटते आणि शेजारची जुडी पेटते. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एम.जी.बी.त बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले होते आणि वीज डायनामो तयार करीत असे. त्यानंतर ऋण टोक अंगाला आले आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. चुकीच्या वर्षाचे पान समोर ठेवून ज्याने बॅटरी उलटी जोडली त्याचा अल्टरनेटर आतून जळू शकतो. एका मजकुराचे दोन पाठ असतात तेव्हा आपल्या हाती कोणता आहे हे आधी ठरवावे, ही शिस्त येथे प्रत्यक्ष विस्तवाने शिकवली जाते.

आणि पाठांचा प्रश्न तेथे संपत नाही. कोणतीही जुनी गाडी तिच्या पुस्तिकेसारखी उरलेली नसते. कोणी रेडिओ बसवला, कोणी धुक्याचे दिवे, कोणी तुटलेल्या तारेच्या जागी हाताशी असलेल्या रंगाची तार ओढली. हे सारे प्रक्षेप. त्यांतून मूळ रंगही ओळखीचे राहत नाहीत. तेल आणि धूळ यांच्या थराखाली जांभळी आणि तपकिरी एकसारख्या दिसतात, आणि जुडीवरची पट्टी थोडी सोडवून आतला न मळलेला भाग पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही.

ताडपत्रीखालच्या त्या गाडीचेही असेच निघते. मालकाने नव्या, रंगीत, इंडिकेटरच्या एकाच पानावर बोट ठेवून मार्ग धरलेला आहे. फ्यूजपर्यंत सारे जुळते. फ्यूजमधून निघणारी तार हिरवी असावयास हवी. ती लाल आहे. लाल म्हणजे बाजूचे दिवे, या हिशेबाने तो दोन संध्याकाळी भलतीकडे शोध घेतो. तिसऱ्या संध्याकाळी तो पान बाजूला ठेवतो, लाल तार हाताने चाचपत जातो आणि फ्लॅशरशी पोहोचतो. तार जुडीत नाही. ती बाहेरून, स्वतंत्र, सुतळीने तीन ठिकाणी बांधत आणलेली आहे. सुतळीच्या गाठी तो ओळखतो. बागेतल्या वेलींना वडील त्याच गाठी मारीत. कधीतरी हिरवी तार आत तुटली असेल, घरात लाल तारेचे वेटोळे असेल, आणि प्रवासाला निघण्याची घाई असेल. नोंद कोठेही केलेली नाही. ती करण्याची गरज वडिलांना वाटली नसावी. गाडी त्यांची होती आणि त्यांना सारे ठाऊक होते.

दोष त्या लाल तारेत नव्हताच. तो पुढे, डाव्या बाजूच्या सांध्यात होता. गोळी हिरवट गंजाने भरली होती. ती घासून बसवताच दिवा लागला. आता प्रश्न उरला तो लाल तारेचा. पुस्तिकेला प्रमाण मानावे तर ती काढून हिरवी घालावी. तसे करणे योग्यच, कारण पुढच्या वाचकाची फसगत टळते. वडिलांनी केले ते जपावे तर ती राहू द्यावी; तीही इतकी वर्षे काम देत आली आहे. जुन्या गाड्यांच्या मालकांत दोन्ही मतांचे लोक असतात आणि त्यांचे वाद मूळ संहिता आणि रूढ पाठ यांवरील वादांइतकेच तीव्र असतात.

मालक एक तिसरी गोष्ट करतो. तो पातळ कागदावर स्वतःच्या गाडीचे पान काढतो. बॅटरी वर, परतीची वाट खाली. रंग दिलेले आणि रंगांशेजारी अक्षरेही. गोळ्यांच्या सांध्यांना बारीक ठिपके, आणि ठिपक्याशेजारी तो सांधा कोठे सापडेल त्याचे दोन शब्द. जेथे दोन दिवे एकाच परतीच्या वाटेने जातात तेथे ती वाट तो एकच काढतो, पान त्यामुळे थोडे गिचमिड होते तरी. फ्यूज आणि फ्लॅशर यांमधली रेषा तो लाल काढतो आणि कडेला लिहितो: मूळची हिरवी, आत तुटलेली, ही लाल वडिलांनी घातली, बदलल्यास येथे तारीख टाकावी. तारखेसाठी जागा कोरी ठेवतो.

मग तो कागद घडी करून पुस्तिकेत, मूळच्या त्या काळ्या पानाला लागून ठेवतो. जुने पान तो फाडत नाही. पुढे ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला दोन्ही लागतील.